धावणाऱ्या पावलातली बारीक चीर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ही व्याख्यानमाला एका क्रीडाशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. या व्यासपीठावर इतिहासावर, साहित्यावर, शेतीवर उत्तम व्याख्यानं झाली आहेत. यंदा संयोजकांनी हाडांच्या डॉक्टरला बोलावलं आणि विषय निवडायची मोकळीक दिली. मी पावलाच्या हाडाला पडणारी बारीक चीर हा विषय घेतला. वैद्यकात तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, मैदानावर हेअरलाइन म्हणतात. एवढ्याशा दुखापतीवर तासभर काय बोलणार, असं कुणाला वाटलं तर नवल नाही.

पण पहाटे पाचला आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्याने गाडी काढून बघा. अंधारात, कडेकडेने, मुलामुलींच्या रांगा धावत असतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी सैन्याची, कुणी वनरक्षकाची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर. सैन्याच्या मैदानी चाचणीतही १६०० मीटरच. त्या पाच-सहा मिनिटांवर घरादाराची आशा असते. दुसरीकडे शहरांत चाळिशीतली माणसं मॅरेथॉनच्या तयारीला लागली आहेत. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, पुण्याची तर १९८३ पासूनची. या दोन्ही गर्दींतून एकच तक्रार घेऊन माणसं माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. उशीर का होतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुखतंय म्हणून थांबणं हा आपल्याकडे भित्रेपणा समजला जातो, हे त्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे असं माझं मत बनलं आहे. आणि इथेच आपण चुकतो. हाडाची चीर जिद्द कमी पडली म्हणून पडत नाही, आणि जिद्दीने ती भरूनही येत नाही.

या दुखापतीचा इतिहास सैनिकांपासून सुरू होतो. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की लांबच लांब कूच केल्यावर तरुण सैनिकांची पावलं सुजतात आणि दुखतात, मार लागलेला नसतानाही. त्याला वाटलं की ही स्नायूबंधांची सूज असावी. हाडाच्या आत बघायची सोयच तेव्हा नव्हती. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले, आणि १८९७ साली श्टेखो या दुसऱ्या जर्मन डॉक्टरने तशाच सुजलेल्या पावलांचे एक्स-रे काढून दाखवलं की आतलं लांब हाड मोडलेलं आहे. चाळीसहून अधिक वर्षं ते सैनिक सूज म्हणून उपचार घेत होते, आणि बरेचसे त्याच पायावर चालवलेही गेले असतील. आज आपल्याकडे एमआरआय आहे. तरीही भरतीची तयारी करून घेणाऱ्या आपल्या अकॅडमीत अशा पावलाला आधी ‘मुरगळलं असेल’ म्हणतात, मग हळदीचा लेप, मग मालिश, मग गोळी, आणि या सगळ्यात तीन-चार आठवडे निघून जातात.

हाड मुळात मोडतं कसं, ते आधी बघू. पावलात २६ हाडं असतात. बोटांच्या मागे पाच लांब हाडं आहेत, त्यांना मेटाटार्सल म्हणतात. अंगठ्यामागचं हाड आखूड आणि जाडजूड असतं. दुसऱ्या बोटामागचं सगळ्यांत लांब आणि सडपातळ, शिवाय त्याचं मागचं टोक शेजारच्या हाडांच्या खाचेत घट्ट बसलेलं. शेजारची हाडं थोडीफार हलतात, हे हलत नाही, म्हणून दर पावलाला ते वाकवलं जातं. धावताना दर पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. एक किलोमीटर म्हणजे साधारण हजार पावलं, एका पायावर पाचशे. दहा किलोमीटर धावलात की एका पावलाने पाच हजार वेळा तो भार घेतला. यातला एकही आघात हाड मोडण्याइतका नसतो. त्यांची बेरीज होते.

आता हाड काही निर्जीव खांब नाही. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडलं की हाडावर जसा भार येतो तशी ते आपली रचना बदलतं. भार वाढला की हाड मजबूत होतं. सगळा व्यायाम याच नियमावर उभा आहे. पण या मजबुतीकरणाला एक क्रम आहे, आणि तो क्रम कळला की ही दुखापत निम्मी कळली. हाडात दोन प्रकारच्या पेशी काम करतात. एक जुनं, थकलेलं हाड खाऊन काढतात, दुसऱ्या तिथे नवं हाड भरतात. काढणं आधी होतं, भरणं नंतर. काढायला तीनेक आठवडे लागतात, भरून पक्कं व्हायला तीन-चार महिने. डांबरी रस्त्याची दुरुस्ती तुम्ही पाहिली आहे: खराब भाग आधी चौकोनी खणून काढतात, मग खडी-डांबर भरून दाबतात. खणून झालंय आणि भरायचं बाकी आहे, अशा वेळी त्यावरून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या सोडल्या तर रस्त्याचं जे होईल तेच हाडाचं होतं.

म्हणून ही चीर बहुधा सराव एकदम वाढवल्यानंतर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमाराला डोकं वर काढते. भरतीची जाहिरात निघते, मुलगा घरच्या रस्त्यावर दोन किलोमीटर धावत होता तो अकॅडमीत दाखल होतो, दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ किलोमीटर आणि संध्याकाळी चार. पहिले दोन आठवडे त्याला फार छान वाटतं. दम वाढतो, वेळ सुधारते. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, स्नायू त्यांच्या पाठोपाठ. हाड सगळ्यांत मागे असतं. दम म्हणतो अजून धाव, आणि हाड त्याच वेळी आतून सगळ्यांत कच्चं झालेलं असतं. मुलाला आणि त्याच्या सरांना हे बाहेरून दिसायची काही सोय नाही.

मग ओळखायचं कसं? इथे मी जरा सावकाश बोलणार आहे, कारण आज घरी जाताना तुम्ही एवढं जरी नेलंत तरी माझं काम झालं.

पहिली खूण दुखण्याच्या वेळेत असते. सुरुवातीला धावणं संपल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला काहीतरी ठणकतं, रात्रीतून जातं. आठवड्याभराने शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत दुखतं. मग निम्म्यातच. मग पहिल्या पावलापासून. मग चालताना. आणि शेवटी अंथरुणात पडल्यावर. दुखणं दिवसेंदिवस धावण्यात अलीकडे अलीकडे सरकत असेल, तर ते हाडाचं आहे असं समजून चालावं. टाचेच्या तळव्याखालच्या पट्ट्याची सूज, जिला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात, ती याच्या उलट वागते. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना जीव जातो, दहा मिनिटं हिंडलं की बरं वाटतं. चीर हिंडून बरी वाटत नाही.

दुसरी खूण बोटाने सापडते. स्वच्छ उजेडात बसा, मोजा काढा, आणि पायाच्या दर बोटामागून घोट्याकडे जाणारं लांब हाड हाताच्या एकाच बोटाने दाबत मागे मागे जा. पाचही हाडं तपासा, मग दुसऱ्या पायावर तेच करा. स्नायू दुखतो तेव्हा तळहाताएवढा भाग दुखतो. चीर असली की रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत नेमकं दुखतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा सापडते. ही जागा बहुधा पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटामागे असते. सोबत थोडी सूज असते, पावलावरच्या शिरांच्या रेषा पुसट होतात, पण काळंनिळं पडलेलं नसतं. मार लागल्याचं आठवत नाही आणि पाऊल मात्र सुजलंय, हे ऐकलं की मी सावध होतो. टाचेच्या हाडातही चीर पडते. तिथे टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये धरून दाबली की कळ येते.

एका पायावर उड्या मारून बघायची पद्धत मैदानावर फार लोकप्रिय आहे. कृपा करून ती दुखऱ्या पायावर करू नका. अर्धवट असलेली चीर त्या उडीने पूर्ण होऊ शकते. उडीची चाचणी बरं झाल्यानंतरची आहे.

आता एक्स-रेबद्दल. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान एका वाक्याने होतं: ‘एक्स-रे नॉर्मल आहे, काही झालेलं नाही.’ चीर नवी असताना पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेवर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. नंतर हाड स्वतःला सांधायला लागतं, चिरेभोवती नव्या हाडाची गाठ धरते, तिला कॅलस म्हणतात, तेव्हा कुठे ती एक्स-रेवर ढगासारखी उमटते. म्हणजे जखम दिसत नाही, जखम भरायला लागल्याची खूण दिसते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या नॉर्मल एक्स-रेला मी सुटकेचा दाखला मानत नाही, आणि तुम्हीही मानू नका. एमआरआयवर चीर पडण्याच्याही आधी हाडाच्या आत आलेली सूज दिसते. पण त्याला हजारो रुपये लागतात, आणि ते कुणाच्या घरात कसे येतात हे मला माहीत आहे. म्हणून माझा व्यवहार असा आहे: दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागे असेल आणि हकिगत स्पष्ट असेल, तर एमआरआयशिवायच चीर आहे असं धरून उपचार सुरू करायचे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. पैसे वाचवले तरी पाय वाचतो.

दोन जागा मात्र अशा आहेत की तिथे पैसे वाचवायचे नाहीत. पहिली, पावलाच्या मधोमध, वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे. तिथे नॅव्हिक्युलर नावाचं हाड आहे. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे चीर भरायला फार वेळ घेते आणि कधीकधी भरतच नाही. त्यात दुखणंही मोघम असतं, घोट्याचंच काहीतरी आहे असं वाटत राहतं, सूज जवळपास नसते. चीनचा बास्केटबॉलपटू याओ मिंगचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००८ साली त्याच्या डाव्या पावलात चीर सापडली, शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी पुन्हा मोडलं, आणि २०११ साली तिशीतच तो निवृत्त झाला. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना हे झालं, इतकं ते हाड हट्टी आहे. दुसरी जागा पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीमागच्या हाडाच्या बुंध्याजवळ. तिथेही रक्त कमी पोचतं, आणि धावपटूंना अनेकदा स्क्रू घालावा लागतो. या दोन जागी दुखत असेल तर त्याच दिवशी पायावर भार देणं थांबवायचं आणि एमआरआय किंवा सीटी स्कॅन करून घ्यायचा, उसनवारी करावी लागली तरी.

नामवंत धावपटूही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेच्या डीना कॅस्टरने २००४ साली अथेन्स ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. २००८ साली बीजिंगमध्ये शर्यतीच्या सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्येच तिच्या पावलाचं हाड मोडलं आणि ती रस्त्यातच थांबली. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ, जिने २००३ साली लंडनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा विक्रम केला, तिच्या पावलातली १९९४ सालची चीर वेळेवर ओळखली गेली नव्हती. पुढे त्याच पावलाने तिला छळलं, आणि २०१२ साली घरच्या मैदानावरच्या लंडन ऑलिंपिकमधून तिला माघार घ्यावी लागली. या बायकांमध्ये जिद्द कमी होती असं कोण म्हणेल?

मग ही चीर काहींनाच का पडते? एकाच अकॅडमीत, एकाच रस्त्यावर, पन्नास जण धावतात आणि चार-पाच जणांनाच होतं. सरावातली एकदम वाढ हे मुख्य कारण मी सांगितलं. बूट हेही कारण आहे, पण आपण समजतो तितकं मोठं नाही. झिजलेले बूट वाईट, आणि बुटांचा प्रकार अचानक बदलणंही वाईट. काही वर्षांपूर्वी अनवाणी धावण्यासारखे पातळ बूट निघाले. अमेरिकेतल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात ते बूट घालून सराव बदलणाऱ्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडात दहा आठवड्यांत सूज वाढलेली एमआरआयवर दिसली. पातळ बूट वाईट आहेत असं मी यातून काढत नाही. हाडाला बदल पचवायला वेळ लागतो, एवढंच त्यातून कळतं. आपली मुलं वर्षभर मातीत अनवाणी धावतात आणि भरतीच्या महिन्यात नवे स्पाइक्स घालून कडक ट्रॅकवर उतरतात, तो बदलही त्याच जातीचा.

यापेक्षा मोठी कारणं ताटात आणि अंथरुणात आहेत. मला त्यांच्याबद्दल तळमळीने बोलायचं आहे, कारण त्यांच्याबद्दल मैदानावर कुणी बोलत नाही.

धावणाऱ्या शरीराला खर्चाइतकं अन्न मिळालं नाही तर शरीर काटकसर करतं. जगायला लागणाऱ्या गोष्टी आधी चालवतं आणि हाड बांधण्याचं काम मागे टाकतं. मुलींमध्ये या काटकसरीची पहिली उघड खूण म्हणजे पाळी लांबणं किंवा थांबणं. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या संघटनेने १९९२ पासूनच कमी खाणं, पाळी थांबणं आणि हाडं ठिसूळ होणं या तिघांची सांगड घालून दाखवली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली ती संकल्पना रुंद केली आणि मुलग्यांनाही हे होतं हे मान्य केलं. आपल्याकडे मात्र पाळी बंद झाली की सरावाला बरं झालं असं म्हणणाऱ्या मुली मला भेटतात, आणि त्यांच्या आयांना ते माहीतही नसतं. वजन कमी केलं की वेळ सुधारेल म्हणून रात्रीची भाकरी सोडलेली मुलगी, त्यातच सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचा उपवास, वर साबुदाण्याची खिचडी आणि चहा. या आहारावर दिवसाला दहा किलोमीटर धावलं तर हाड कशाने बांधायचं? श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्या महिन्यांत कडक सराव आहे त्या महिन्यांत उपवास सोडावा, एवढं मी स्पष्ट सांगतो. आणि तीन महिने पाळी आली नसेल तर लाज न बाळगता डॉक्टरकडे जावं. मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी हा प्रश्न विचारायला एखादी शिक्षिका किंवा परिचारिका जोडून घ्यावी.

कॅल्शियमचा हिशेब फार अवघड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम सांगितलं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, मोठा पेला दुधात तीनशेच्या आसपास. तीळ, राजगिरा, लहान काट्यांसकट खाल्ली जाणारी मासळी, हे सगळं आपलंच आहे. ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. इतका सूर्य असून आपल्याकडे त्याची कमतरता सर्रास सापडते. पहाटे अंधारात धावून दिवसभर खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलांना उपयोगी ऊन मिळतच नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फारसे नसतात. चीर पडलेल्या प्रत्येकाची रक्ताची ही तपासणी मी करायला लावतो. अमेरिकेच्या नौदलात पाच हजारांहून अधिक महिला रंगरुटांवर प्रयोग झाला. ज्यांना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, त्यांच्यात चिरांचं प्रमाण एक पंचमांशाने घटलं. २००८ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

झोपेबद्दलचा पुरावा मला सगळ्यांत बोलका वाटतो. इस्रायलच्या सैन्यात १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २९५ रंगरुटांपैकी ३१ टक्क्यांच्या हाडांत चिरा सापडल्या होत्या. पुढे पंचवीस वर्षं त्यांनी बूट बदलले, बुटांतले तळवे बदलले, औषधं देऊन पाहिली. शेवटी कशाने फरक पडला? रोज किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि कूच करण्याचं एकूण अंतर कमी केलं. त्यानंतर चिरांचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त उतरलं. एक सैन्य, ज्याला कणखरपणा शिकवण्यात काडीचाही संकोच नाही, ते या निष्कर्षाला येतं. आणि आपल्या अकॅडम्यांत रात्री अकरापर्यंत अभ्यासिका आणि पहाटे चारला शिट्टी.

आता बरं होण्याकडे वळतो. दुसऱ्या-तिसऱ्या मेटाटार्सलची चीर ओळखली तर बहुतेकांना प्लास्टर लागत नाही. कडक तळाचा बूट किंवा वॉकर बूट, चार ते सहा आठवडे धावणं पूर्ण बंद, चालणं गरजेपुरतं. टाचेच्या हाडाचंही तसंच. नॅव्हिक्युलरला मात्र सहा ते आठ आठवडे कुबड्या, पाऊल जमिनीला टेकवायचंच नाही. दुखण्याच्या गोळ्या खाऊन धावणं हा सगळ्यांत घातक मार्ग आहे. दुखणं हीच एक सूचना हाड देऊ शकतं, ती गोळीने बंद होते, चीर चालूच राहते. आणि जोरदार मालिश तर तिथे अजिबात नको.

या आठवड्यांत दम जाईल ही भीती प्रत्येकाला असते, आणि ती खरी आहे. तिचा इलाज आहे. सायकल चालवा, फक्त पॅडल पावलाच्या पुढच्या भागाने न दाबता टाचेकडच्या भागाने दाबा, म्हणजे लांब हाडं वाकणार नाहीत. मोठ्या शहरांत धावपटू कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात, तळाला पाय न टेकवता धावतात. आपल्या तालुक्यात तरणतलाव नाही, पण विहिरी आहेत. ज्याला पोहता येतं त्याने ट्यूब कमरेला बांधून, काठावर जाणतं माणूस उभं करून, विहिरीत वीस मिनिटं जोरात पाय चालवावेत. दम टिकतो, आणि भार शून्य. विहिरीत एकट्याने उतरायचं नाही, हे पुन्हा सांगतो. पोट, मांड्या, पाठ यांचा व्यायाम बसून-झोपून चालू ठेवता येतो.

परत धावायला लागायची तारीख कॅलेंडरवर ठरत नाही. बोटाने दाबून दुखायचं थांबलं पाहिजे. मग अर्धा तास भरभर चालून, त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळीही काही दुखता कामा नये. मग एका पायावर दहा उड्या. हे तिन्ही जमलं की मऊ मातीवर एक मिनिट सावकाश धावणं आणि चार मिनिटं चालणं, असं अर्धा तास, आणि तेही दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याची मिनिटं वाढवायची, चालण्याची कमी करायची. आधी अंतर परत आणायचं, वेग शेवटी. त्याच नाण्याएवढ्या जागी पुन्हा दुखलं तर दोन दिवस थांबून मागच्या पायरीवर जायचं. याच काळात पोटरीसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम रोज करावा, कारण थकलेली पोटरी आपला भार हाडावर ढकलते. पहिल्यासारखं धावायला दोन ते तीन महिने धरून चाला. आणि एकदा चीर पडलेल्याला पुन्हा पडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून सराव वाढवण्याबाबत त्याने कायमच जास्त सावध राहावं.

मला माहीत आहे, आता मागच्या रांगेत कुणीतरी मनात विचारतंय: भरती चार आठवड्यांवर आहे, वय संपतंय, मग काय करू? हा प्रश्न मला दवाखान्यात दर हंगामात कुणी ना कुणी विचारतो, बहुधा वडील शेजारी बसलेले असतात. याला सोपं उत्तर नाही, आणि मी खोटं उत्तर देणार नाही. चार आठवड्यांत ते हाड शर्यतीला तयार होत नाही. अर्धी चीर घेऊन १६०० मीटर जिवाच्या आकांताने धावलात तर मैदानातच हाड आरपार मोडू शकतं, आणि मग ती भरतीही जाते आणि पुढचे सहा महिनेही. वयाची मुभा अजून एका वर्षाची असेल तर माझा निर्णय ठाम आहे: ही संधी सोडा. खरोखर शेवटचीच संधी असेल, तर जागा कुठली, चीर किती, हे एमआरआयवर बघून, धोका नीट समजून घेऊन, घरच्यांसोबत ठरवा. नॅव्हिक्युलर असेल तर तेव्हाही मी परवानगी देत नाही. आणि हा पेच मुळात का येतो? कारण आपण जाहिरात निघाल्यावर धावायला लागतो. भरती कधी निघेल ते कुणालाच माहीत नसतं. आठवड्यातून चार दिवस, वर्षभर, सावकाश धावणाऱ्या मुलाला जाहिरातीनंतर फक्त वेग वाढवावा लागतो.

अकॅडमी चालवणारे पुष्कळजण आज सभागृहात आहेत. तुमच्यातले बरेचजण निवृत्त सैनिक आहेत, मुलांवर तुमचा जीव आहे, तुमच्या शब्दाला ती मुलं बापाच्या शब्दाइतका मान देतात. म्हणून मागणं तुमच्याकडेच आहे. नवा मुलगा आला की पहिले तीन आठवडे त्याला जुन्यांबरोबर सोडू नका. दर चौथा आठवडा हलका ठेवा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्या, आणि रात्री दिवे दहाला बंद करा. आणि उद्या सकाळी रांगेत कुणी लंगडताना दिसलं, तर त्याचा बूट काढायला लावून पावलावर एक बोट फिरवून बघा. नाण्याएवढ्या जागेत कळ आली, तर एक्स-रे नॉर्मल असला तरी त्याला घरी पाठवा, आणि त्याची जागा राखून ठेवा.